कोपरा कापलेल्या लग्नपत्रिका

परवा नातवाच्या मित्राच्या लग्नाची पत्रिका आली. पत्रिका कसली, पेटीच होती. झाकण उघडलं तर वर काजू, खाली बदाम, मधे गणपती आणि गणपतीच्या पायाशी मोरपीस. मूळ पत्रिका शोधावी लागली. सापडली तेव्हा तिच्यात एका पोराच्या नावानं लिहिलेलं की माझ्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं. त्या पोराला मी ओळखत नाही, त्याच्या काकाला ओळखत नाही, पण आग्रह पाहा. काजू मात्र खाऊन घेतले. दात नाहीत म्हणून चघळले. बायको असती तर म्हणाली असती, "चघळा, आयतं भेटून राह्यलं त."

ती गेल्यापासून मला टोचून बोलणारं घरात कोणी उरलं नाही. पोरं-सुना लय अदबीनं वागतात. जेवता का बाबा, झोपता का बाबा. त्या अदबीचा वीट आला म्हणून हे लिहायला बसलो. मी चौथी पास आहे. ज्याला शुद्धलेखनाची फार काळजी असेल त्यानं दुसरं काही वाचावं.

तर आम्हा नवरा-बायकोनं एकेकाळी लग्नपत्रिका छापल्या. हे सांगितलं की नातू विचारतो, कारखाना होता काय? होता ना. एक लाकडी चौकट, एक चिंध्यांचा बोळा, एक लाटणं आणि एक बायको, एवढा कारखाना. पन्नास आणि साठच्या मधली ती वर्षं. वाशीमचा तेव्हा जिल्हा झाला नव्हता, ते अकोल्याच्या पोटात होतं, आणि आमच्या शेलूबाजारकडच्या माणसाला वाशीमला जाणं म्हणजे मुलूख सोडून जाणं वाटायचं. लग्नाआधी मी तिथं एका छापखान्यात कामाला होतो. रुळाला शाई लावायची, पायानं यंत्र दाबायचं आणि मालकाच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. त्यातलं शेवटचं मला चांगलं जमायचं.

लगीनसराईत तिथं जी मजा चालायची ती कुठल्या तमाशात पाहायला मिळाली नसती. मोठमोठे लोक पत्रिका छापायला यायचे. नवरा-नवरीची नावं बारीक अक्षरात, आणि काका, मामा, आत्याचे दीर, गावचे पुढारी ठळक अक्षरात. जणू नवरा-नवरीलाच आमंत्रण होतं की, या बाप्पा, आमच्या काकांचा सोहळा पाहायला. कोणाचं नाव कोणाच्या वर, यावरून पायरीवर मारामाऱ्या व्हायच्या. दोन सख्खे भाऊ आमच्या मशीनजवळच एकमेकांच्या छातीवर बसले होते. कारण काय, तर धाकट्याचं नाव थोरल्याच्या ओळीत आलं. वर नाही, नुसतं ओळीत. ते लग्न म्हणे फार थाटात झालं.

गरीब माणूस यायचा तो पायरीपर्यंत. भाव विचारायचा, "बरं, पाहू" म्हणायचा आणि टोपी सारखी करून निघून जायचा. घरी जाऊन न्हाव्याच्या हाती अक्षता द्यायचा आणि गावोगाव धाडायचा. त्याच्या बापाचं लग्न तसंच झालं होतं आणि कोणी उपाशी परत गेलं नव्हतं. पण तेव्हा आमच्या भागात छापील कागदाची साथ आली होती. वाचता येत नसलं तरी छापील पाहिजे. ज्याच्या घरून छापील कागद आला नाही त्याच्या घरी लग्न आहे यावर लोक विश्वास ठेवीनात.

पुढं मालकानं नवे खिळे आणले. खिळे म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं. जुने घासून घासून बोथट झाले होते. ते मी मागून घेतले. मालकाला वाटलं, हा खुळा आहे, याला देऊन टाकावे. मोठ्या कागदाच्या कापून उरलेल्या पट्ट्याही देत गेला. लग्न झाल्यावर नोकरी सोडली आणि ते गाठोडं घेऊन गावी आलो, तर नवी नवरी दारात उभी.

"सोनं आनलं काय?" तिनं विचारलं.

"शिसं हाये."

"मंग येवढं डोक्यावर घेऊन कायले नाचून राह्यले?"

अशी आमच्या धंद्याची पूजा झाली.

मी सुताराकडून चौकट करून घेतली आणि एकच मजकूर तिच्यात कायमचा ठोकून बसवला. नवऱ्याची जागा रिकामी, नवरीची रिकामी, गाव, तिथी, वेळ रिकामी. ज्याचं लग्न असेल त्याचं नाव मी बोरूनं भरायचो. काका-मामांना जागाच ठेवली नव्हती. खिळे तेवढे नव्हते हे त्याचं खरं कारण. पण आमच्या पत्रिकेवरून कोणी कोणाच्या छातीवर बसलं नाही, हे मी आजही छाती काढून सांगतो.

छापायची बायको. बोळ्यानं खिळ्यांवर शाई थोपटायची, कागद ठेवायची, वरून फडकं गुंडाळलेलं लाटणं फिरवायची. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण तिच्या हातचा कागद सरळ निघायचा आणि माझ्या हातचा तिरपा. वर गणपती पाहिजे आणि गणपतीचा ठसा आमच्याकडे नव्हता. तो ती काडीनं, कुंकवाच्या पाण्यानं काढायची. दर पत्रिकेवर वेगळा गणपती. एकाची सोंड डावी, एकाची उजवी, एखाद्याची मधेच संपलेली.

मी म्हटलं, "अवं, सोंड एका बाजूले त काढ."

"देव हाये तो. जिकडं वाटन तिकडं वळवन. तुमी नावं लिहा."

लोक ज्वारी देऊन, तूर देऊन पत्रिका न्यायचे. कोणी कोंबडी दिली. अशी आमची गाडी बरी चालली होती आणि त्यात तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं.

हे लग्न बायकोच्या जिवाला लागलेलं होतं. त्यांची आई लवकर गेली. बहिणीला हिनंच भरवलं, हिनंच न्हाऊ घातलं. माझ्याशी लग्न झालं तेव्हा नवऱ्याच्या घरी यायला रडली नाही, बहीण मागं राहते म्हणून रडली. त्या बहिणीची एक सोयरीक आधीच मोडली होती. पोरीत काही खोट नव्हती. पोराच्या घरच्यांना दुसरीकडच्या गोठ्यात जास्त बैल दिसले. पण आमच्याकडे पहिली सोयरीक मोडली की लोक पोरीकडं बघतात, बैलांकडं कोणी बघत नाही. दुसरी मोडली असती तर तिसरा कोणी सासऱ्याच्या दारात पाय ठेवणार नव्हता, हे बायकोला माहीत होतं, मला होतं आणि भावकीला तर फारच चांगलं माहीत होतं.

दुसरं स्थळ आमच्या वाशीमकडच्या मालेगावच्या बाजूचं. पोरगा कष्टाळू, निर्व्यसनी, बाप वारलेला. घरात म्हातारा आजा आणि सगळा कारभार चुलत्याकडं. हा चुलता एकदा अकोल्याला जाऊन आला होता. ते त्यानं आम्हाला बसल्या बसल्याच सांगितलं, पाणी यायच्या आधी.

माझा सासरा म्हणजे देवमाणूस. देवासारखाच, कोणी काही मागितलं तर नाही म्हणायचा नाही.

"हुंडा-बिंडा आमाले काही नोको," चुलता म्हणाला. "नारळ अन् पोरगी द्या. फकस्त पत्रिका छापील पाह्यजे. आमच्या सोयऱ्यायत शिकेल-सवरेल लोक हायेत."

"हाव," सासरा म्हणाला.

"आमच्या बाजूच्याबी तुमीच छापून द्या."

"हाव."

"अन् चारी कोपऱ्याईले हळदी-कुकू लावूनच पाठवा. आमच्या घरच्या बायाईले कायले ताप?"

"हाव."

दाराआडून बायको पुटपुटली, "लगनबी लावून पाठवतो, तुमी घरीच राहा." ते फक्त मला ऐकू आलं. माझं नशीब तसंच होतं, तिचं सगळं मलाच ऐकू यायचं.

नमुन्याची पत्रिका मी चुलत्याच्या हातात दिली. त्यानं ती वाचली नाही. नाकाला लावून लांब वास घेतला. शाईचा, घासलेटचा वास आला तशी त्याची मान डोलली. "छापील हाये," तो बाकीच्यांना म्हणाला. शिकेल-सवरेल लोक वास घेऊन वाचतात हे मला त्या दिवशी कळलं.

बायकोनं त्या पत्रिका जशा छापल्या तशा दुसऱ्या कोणाच्या छापल्या नाहीत. शाई फिकी पडली की कागद बाजूला. गणपती बिघडला की कागद बाजूला. सोंडासुद्धा सगळ्या एका बाजूला काढल्या. मी चिडवलं तर बोलली नाही, यावरून समजा. हळद-कुंकवाचा मात्र प्रश्न होता. सुकं बोट लावलं तर मालेगावपर्यंत गाडीच्या हिसक्यांनी सगळं झडून जाणार आणि चुलता म्हणणार, कोपरे कोरे पाठवले. मग तिनं ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली, तिच्यात हळद आणि कुंकू कालवलं आणि चारी कोपऱ्यांना त्याची बोटं लावली. वाळल्यावर अशी घट्ट बसली की नखानं निघेनात. सगळा गठ्ठा एकसारखा रचून फडक्यात बांधला. फडकं तोकडं पडलं, गठ्ठ्याचा एक कोपरा उघडा राहिला. ठीक आहे म्हटलं. गठ्ठा चुलत्याच्या घरी पोचता झाला.

लग्न तोंडावर आलं. वऱ्हाडाच्या गाड्या किती येणार, बैलांना वैरण कुठं टाकायची, हे ठरवायला सासरा मालेगावकडं निघाला. सासूच्या जागी मोठी बहीण म्हणून माझी बायको निघाली, आणि बायको निघाली म्हणून मी. मालेगावचा बाजार आदल्या दिवशीच झाला होता. चुलत्यानं आपल्या बाजूच्या पत्रिका बाजारातच वाटल्या होत्या. ज्या गावचा माणूस भेटला त्याच्या हाती घाईत त्या गावच्या पत्रिका, ‘घरोघरी दे’ एवढंच म्हणून. ही रीतच होती, आणि पोस्टापेक्षा लवकर पोचायचं.

आम्ही ओट्यावर बसलो. गुळाचा चहा आला. समोर लिंबाखाली खाटेवर नवरदेवाचा आजा बसलेला. वर्षभर आजारी होता, आता जरा उठून बसायला लागला होता. बशीत चहा ओतून फुंकत होता. एवढ्यात गल्लीच्या तोंडातून हेल काढून रडणं ऐकू आलं.

"माह्या मामा वंऽऽ, मले न भेटता कसा गेला वंऽऽ..."

एक साठीची बाई पदर तोंडाला लावून अंगणात शिरली. ती आज्याची भाची, शेजारच्या गावची. मागं तिची दोन माणसं, उपरणी डोक्याला गुंडाळलेली. बाईनं खाटेच्या पायाला मिठी मारली आणि वर पाहिलं. खाटेवर आजा, हातात बशी.

"काहून वं बाई, कोन मेलं?" आज्यानं विचारलं.

बाईचा हेल तोंडातल्या तोंडात राहिला. "तुमीच त मेले, मामा!"

"मी?" आज्यानं बशी खाली ठेवली. "मले कोनी सांगतलं नाही."

आता आमच्याकडची रीत सांगायला पाहिजे, कारण आजच्या पोरांनी पोस्टकार्डच पाहिलेलं नाही. मरणाची खबर कागदावर धाडायची तर कागदाचा एक कोपरा फाडायचा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही समजावं की हा कागद घरात न्यायचा नाही. तो दाराबाहेरच धरायचा, वाचणारा असला तर वाचून घ्यायचा, मग फाडून फेकायचा, अंघोळ करायची आणि निघायचं. वाचणारा नसला तरी कोपरा पुरेसा असतो. ज्या घरचा कागद त्या घरी जायचं, कोण गेलं ते तिथं गेल्यावर दिसतंच. आणि या घरात वर्षभर खाट धरलेला म्हातारा होता, तेव्हा विचारायचीही गरज नव्हती.

भाचीमागून दुसरे आले. मग तिसऱ्या गावची गाडी आली, ती पार मालेगावच्या वेशीपासून रडत आलेली. दुपारपर्यंत अंगण भरलं. कोणी भाकरी आणि पिठलं बांधून आणलं होतं, कारण मरणाच्या घरी चूल पेटत नाही. जो येई तो आधी रडे, मग आज्याला पाहून गप्प होई, आणि मग जरा रागावल्यासारखा दिसे. इतक्या लांबून ऊन खात यावं आणि माणूस जिवंत निघावा, याचा कोणालाही राग येईल.

आजा मात्र खूश होता. "तो नाही आला काय अजून? पाहाच, येत नाही तो," असं एकेकाचं नाव घेऊन विचारत होता. एका पुतण्याला म्हणाला, "तू इतका रडशील वाटलं नोहोतं. बस, चहा घे."

बहुतेकांनी कागद रीतीप्रमाणं फाडून टाकला होता. भाचीनं मात्र घाईत पदराला बांधून आणला होता. तिनं तो अंगणात टाकला. माझी बायको ओट्यावरून उतरली, कागद उचलला. आमचीच पत्रिका. गणपतीची सोंड जागेवर, तीन कोपऱ्यांना हळद-कुंकू जागेवर, आणि चौथा कोपरा गायब. सरळ, स्वच्छ कापलेला. कोपरा गेलेला दिसला की पुढं गणपती कोण पाहतो?

ती चुलत्याकडं वळली. तिचा आवाज एवढा गोड मी लग्नाच्या दिवशीही ऐकला नव्हता.

"मामाजी, कोपरा लय बेस कापला. कोनाच्या हातचं काम म्हनावं हे?"

चुलत्याला स्तुती नाकारता येत नव्हती. "माह्याच," तो म्हणाला. "म्या पत्रिका ज्वारीच्या कनगीत ठेवल्या व्हत्या. शुभकार्याचा कागद धान्यात ठेवला म्हंजे बरकत येते. पन तुमी त्याईले खळ लावली. उंदरायनं गठ्ठ्याचा उघडा कोपरा खाल्ला. असे कुरतडेल कागद चारचौघात कसे द्याचे? म्या अडकित्त्यानं एकेक कापून सारखा केला."

"अन् कापलेला कोपरा पाहून लोकं काय समजतीन, हे ध्यानात नाही आलं?"

"अवं बाई, मयतीचा कोपरा हातानं फाडेल राह्यते. हा कापेल हाये! अकोल्याले म्या सोता पाह्यलं, तठी अशा कोपरे छाटेल पत्रिका निंघतात. फ्याशन हाये ते. या खेड्यातल्याईले काय समजते?"

खेड्यातले सगळे अंगणात बसून त्याच्याकडं पाहत होते. कोणीतरी मागून म्हणालं, "हाव बावा, आमी अडान्यायनं फाडेल अन् कापेल कोपरा नाकाले लावून पाहाले पाह्यजे व्हता." म्हणजे वास घ्यायची ख्याती सोयऱ्यांतही पोचलेली होती. लोक हसले. इथंच घोटाळा झाला. चुलत्याला रडलेले लोक चालले असते, हसलेले चालले नाहीत. तो ताडकन उभा राहिला.

"हसाचं काम नाही! लगनाच्या कागदानं घरात मयतीचे लोक आनले. याच्याहून मोठा अपशकून कोनता? त्यायच्या पत्रिकेनंच आनला. इवाईबुवा, हे लगन आता मोडलं समजा."

आणि माझा सासरा, आयुष्यभराच्या सवयीनं, म्हणाला, "हाव."

"बाबा!" बायको अशी ओरडली की बांधलेल्या बैलांनी माना वर केल्या. "तुमी गप राहा!"

मी तिच्याकडं पाहिलं. ती हातातल्या पत्रिकेची घडीवर घडी घालत होती. माझ्याशी भांडताना ती घड्या घालायची नाही, भांडी आपटायची. मला तेव्हा समजलं की ती आता भांडायच्या पलीकडं गेली. मोडलेली पहिली सोयरीक, मोडती दुसरी आणि घरी हळदीची वाट बघत बसलेली बहीण, एवढं सगळं तिच्यासमोर येऊन उभं राहिलं होतं. मी काही बोलावं म्हणून उठलो. काय बोलणार होतो ते देवाला माहीत. चौथी पासला अशा वेळी काय सुचतं? तेवढ्यात खाटेवरून आज्यानं काठी आपटली.

"बस खाली," तो आपल्या पोराला, म्हणजे चुलत्याला म्हणाला. "मयत कोनाची झाली?"

"कोनाचीच नाही, बा. पन..."

"कोनाचीच कशी नाही? हे सारे कोनासाठी रडत आले? माह्यासाठी. म्हंजे मेलो कोन? मी. मंग अपशकून झाला तो मले झाला. तुले काय त्रास होऊन राह्यला?"

"बा, पन लोकं काय म्हनतीन?"

"लोकं अठीच बसले हायेत, त्यायलेच इचार." आजा सगळ्यांकडं वळला. "खोटी मयत निघाली म्हंजे मानूस आनखी जगते, हाये का नाही?"

"हाये, हाये," सगळे म्हणाले. आमच्याकडं असं मानतातच. आणि तिथं कोण नाही म्हणणार? म्हाताऱ्याच्या तोंडावर?

"मंग ह्या पत्रिकेनं मले आयुष्य देल्लं. अन् आयुष्य देनाऱ्या घरची पोरगी मी परत धाडू? मी मेलो म्हनून तुमी आले ना? तर मेलेल्या मानसाची शेवटची इच्छा आयका. लगन ठरल्या दिवशीच होईन. नव्या पत्रिका नोको. जे जे रडाले आले ते ते वऱ्हाडात याचे. अन् जे रडाले नाही आले त्यायले बलावूच नोका, त्यायचं मी पाहून घेतो."

चुलता उभाच होता. बसायलाही लाज आणि उभं राहायलाही. शेवटी तो म्हणाला, "तरीबी छपाईत खळ लावाले नाही पाह्यजे व्हती." भाची त्याच्या हातात पिठलं-भाकरी देऊन म्हणाली, "खा रे बावा, चूल नाही पेटली आज तुह्या घरी." मग सगळ्यांनीच मरणासाठी आणलेली भाकरी लग्नाच्या नावानं खाल्ली. मीही खाल्ली. पिठलं झणझणीत होतं.

लग्न ठरल्या दिवशी झालं. मी आजवर इतकं गच्च वऱ्हाड पाहिलं नाही. मरणाला न आलेले जे होते ते घाबरून लग्नाला आले, कारण आजा नावं घेऊन बसलेला. चुलत्यानं मांडवात सगळ्यांना सांगितलं की पत्रिका वाटायची ही नवी युक्ती त्याचीच. तेही खोटं नव्हतं. आजा त्यानंतर चांगली बरीच वर्षं जगला आणि शेवटी गेला तेव्हा म्हणे कोपरा फाडलेलं कार्ड पाहून अर्धे सोयरे आधी घरीच बसून राहिले.

पाठवणीच्या वेळी बहीण माझ्या बायकोच्या गळ्यात पडून रडली. बायको रडली नाही. "पोहरा भरताना वाकू नोको, कंबर धरते," असं काहीतरी तिला सांगत होती. गाडी वळेपर्यंत उभी राहिली, मग मांडवातली भांडी मोजायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर आम्ही शेलूबाजारच्या वाटेला लागलो. बैल आपल्या चालीनं चाललेले. ती मागं चटईवर बसली होती. सासऱ्याचं गाव मागं पडल्यावर म्हणाली, "अवो, एक सांगा."

"काय?"

"येवढ्या पत्रिका ह्या हातानं दाबल्या. त्यात लिहेल काय राह्यते?"

मी मागं वळलो. इतके दिवस तिनं कधी विचारलं नव्हतं आणि मलाही कधी सांगावंसं वाटलं नव्हतं. चौकटीतला मजकूर मला पाठ होता. मी तो म्हणून दाखवला. गणेशाच्या कृपेनं अमुक यांची कन्या आणि अमुक यांचे पुत्र यांचा विवाह करण्याचे योजिले आहे, तरी आपण सहकुटुंब येऊन वधू-वरांस आशीर्वाद द्यावा. अमुकच्या जागी मी तिच्या बहिणीचं नाव घातलं, तिच्या बापाचं घातलं.

"बस?"

"बस."

"येवढंच?"

"येवढंच."

"हे त तोंडानंबी सांगता येते," ती म्हणाली.

"हाव," मी म्हटलं, "पन मंग आपन खाऊ काय?"

त्यावर तिनं काहीतरी टोचून बोलायला पाहिजे होतं. ती पदर डोक्यावरून तोंडापर्यंत ओढून आडवी झाली. मला वाटलं झोपली. मग गाडीच्या हिसक्याशी जुळत नव्हते असे तिचे खांदे हलायला लागले. मी पुन्हा मागं पाहिलं नाही. बैलांना उगाच शिव्या घातल्या, ते काही चुकले नव्हते तरी, आणि गाव लवकर येऊ नये म्हणून कासरा ओढून धरला.